दीडशे सेंटिमीटर

"मामंजींस्नी एवढं खाली का वो लावलासा?"

एवढाच प्रश्न होता. गावोगावच्या घरांतून आणलेल्या जुन्या व्यक्तिचित्रांचे आमचे प्रदर्शन सुरू होऊन चार दिवस झाले होते, दुपारची वेळ होती आणि बेळगावच्या कॅम्प भागातल्या त्या जुन्या दगडी इमारतीत फारशी वर्दळ नव्हती. खानापूर तालुक्यातल्या एका गावाहून आलेल्या आजी नातवाचा हात धरून दालनात शिरल्या, पहिली चारपाच चित्रे त्यांनी चालता चालता पाहिली आणि आपल्या घरून आलेल्या चित्रापाशी पोहोचताच त्या एकदम बाजूला सरकल्या. समोर उभ्या राहिल्या नाहीत. चित्राच्या उजव्या अंगाला, भिंतीला जवळजवळ पाठ टेकून, त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि नजर फरशीकडे लावली. आषाढात त्यांच्या घरी जाऊन हे चित्र मीच मागून आणले होते, त्यामुळे ते इतक्या नीट मांडलेले पाहून त्यांना आनंद होईल अशा समजुतीने मी पुढे झाले, तेव्हा त्यांनी हा प्रश्न विचारला. मी म्हणाले, "आजी, असं लावलं म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला नीट दिसतं." त्यांनी मान हलवली, शिकलेल्या माणसाचे म्हणणे मोडू नये म्हणून हलवतात तशी. "व्हय बाळ, चांगलं दिसालंय. खरं..." एवढे बोलून त्या थांबल्या. आमच्या बेळगावकडच्या बोलीत 'खरं' हा शब्द 'पण' या अर्थाने येतो. पुढचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही, आणि पुढे कितीतरी दिवस मीच ते मनात निरनिराळ्या तऱ्हांनी पूर्ण करत राहिले.

मी बेंगळूरच्या एका कलासंग्रहालयात प्रदर्शनांची रचना करते. कोणती चित्रे मांडायची हे क्युरेटर ठरवते. ती कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर, एकमेकांपासून किती अंतरावर, कोणत्या रंगाच्या पार्श्वभूमीवर आणि किती उजेडात यायची, हे ठरवणे माझ्याकडे असते. या कामात काही आकडे इतके अंगवळणी पडतात की ते कुणीतरी कधीतरी ठरवलेले आहेत याचाच विसर पडतो. त्यांतला सर्वांत पक्का आकडा म्हणजे १५०. चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर आला पाहिजे. कुठे १४५ धरतात, कुठे १५५, पण एका दालनात एकच. उभ्या माणसाची नजर सरासरीने जिथे पडते ती ही उंची. लहानमोठी चित्रे या एका अदृश्य रेषेवर ओवली की भिंत शांत होते आणि पाहणाऱ्याची मान खालीवर होत नाही. आजींच्या मामंजींचे चित्र चौकटीसकट ९२ सेंटिमीटर उंच होते. त्याचे निम्मे ४६, ते १५० मध्ये मिळवायचे आणि मागची तार ताणल्यावर चौकटीच्या वरच्या कडेपासून जेवढी खाली राहते ते १२ सेंटिमीटर वजा करायचे, म्हणजे खिळा १८४ वर. हा हिशेब मी गेली सोळा वर्षे करते आहे. त्या भिंतीवर मी पेन्सिलीने १८४ ची खूण केली, आमच्या सुतारमामांनी पाणसळ लावून ती तपासली, आणि चित्र टांगून मी दोन पावले मागे आले तेव्हा मला मनापासून समाधान वाटले होते.

ते चित्र घरी कुठे होते, हे मी विसरले नव्हते. मी ते मोजलेसुद्धा होते.

आषाढातला तो दिवस मला आठवतो. जांबोटीच्या अलीकडे रस्ता सोडून गाडी आत वळली तेव्हा पाऊस असा लागला होता की काचेवरचे वायपर नुसते इकडचे पाणी तिकडे करत होते. त्या बाजूला, कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, पावसाचे दिवस नुसते मोजायचे नसतात, ते अंगावर घ्यायचे असतात. घर कौलारू होते, भिंती मातीच्या आणि चुन्याने सारवलेल्या. ओल्या घोंगडीचा, चुलीच्या धुराचा आणि भिजलेल्या गवताचा वास आत भरून राहिला होता. माझ्याजवळचा आर्द्रता मोजायचा छोटा यंत्रडबा ८८ टक्के दाखवत होता. संग्रहालयात आम्ही ५० च्या आसपास ठेवतो आणि दिवसभरात पाचाच्या वर चढउतार झाला तर एकमेकांना फोन करतो. त्या हवेत ते चित्र सत्तरपंचाहत्तर वर्षे टिकून राहिले होते. सोप्यातून माजघरात जाण्याच्या दाराच्या बरोबर वर, चौकटीच्या पट्टीपासून चार बोटे अंतर सोडून, ते लावलेले होते. खालची कड जमिनीपासून १८५ सेंटिमीटरवर होती. खाली चिंध्या गुंडाळलेल्या दोन खिळ्यांवर तिचा भार होता, आणि वरची कड भिंतीपासून चांगली वीतभर पुढे झुकलेली होती. फेटा, बंद गळ्याचा कोट, पांढऱ्या मिशा आणि खाली पाहणारे डोळे. त्या चित्राखालून घरातली सगळी माणसे दिवसातून पन्नास वेळा जात होती आणि एकही वर पाहत नव्हते, आणि तरीही ते तिथे आहेत याचे भान प्रत्येकाच्या चालण्यात होते. दारातून बाहेर पडताना नातवाने मान किंचित खाली घातली ती दार बुटके होते म्हणून की सवयीने, हे मला सांगता येणार नाही.

ते चित्र उतरवले तेव्हा मागून वाळक्या गवताच्या काड्या, एक पीस आणि थोडी माती खाली पडली. चिमणीचे जुने घरटे होते. "दरवर्षी घालायच्या," आजी म्हणाल्या, "मामंजींच्या पाठीमागं. काढू देत न्हवते कुणास." ज्यांचे बालपण कौलारू घरात गेले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. भिंतीपासून पुढे झुकलेल्या फोटोच्या मागे जी तिरपी जागा तयार होते, ती चिमण्यांनी आपल्यासाठीच आहे असे धरून चालण्याची रीत आमच्याकडे सगळीकडे होती. शहापूरला आमच्या घरी आजोबांच्या फोटोमागे आणि शिवाजी महाराजांच्या चित्रामागे अशी दोन बिऱ्हाडे असत. अंडी फुटण्याच्या दिवसांत आई त्याखाली पाट मांडायची नाही. काड्या खाली लोंबत आणि वारा आला की आजोबांच्या फोटोला दाढी फुटल्यासारखी दिसे.

शहापूरच्या खडेबाजारात माझ्या काकांचे फ्रेमचे दुकान होते. सुट्टीत दुपारचा माझा मुक्काम तिथेच असायचा. मैद्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत, त्याचा निळसर झाक असलेला, तोंडाला पाणी न सुटणारा वास. काचेवर हिरकणी फिरवतानाचा तो दात शिवशिवणारा आवाज आणि पाठोपाठ काच मोडल्याचा एकच स्वच्छ टक्. गल्लीच्या पलीकडून मागांची एकसारखी खटखट. काका ओठांत चार चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून बोलत असत. गिऱ्हाईक फोटो घेऊन आले की पट्टी कोणती, काच साधी की चांगली, हे विचारण्याआधी ते एक प्रश्न विचारत: "लावणार कुठं?" दारावर, देवघरात, दुकानात गल्ल्याच्या मागे, शाळेत, जे उत्तर येईल त्याप्रमाणे ते चौकटीच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने खूण करत आणि तिथे कड्या ठोकत. दारावर लावायचे असेल तर कड्या वरून एक तृतीयांशावर यायच्या, म्हणजे वरचा भाग आपोआप पुढे झुकतो. देवघरात बसून पाहायचे असेल तर कड्या अगदी वर, म्हणजे चित्र भिंतीला सरळ चिकटून राहते. एकदा मी त्यांना विचारले होते की फोटो वाकडा का लावायचा. ते म्हणाले, "वाकडा न्हवं गे, वाकलेला. वरची माणसं खाली बघतात तवा सरळ मान ठेवून बघतील काय?" मी आठ-नऊ वर्षांची होते. पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, पदवी घेतली, प्रदर्शनरचनेचे शिक्षण घेतले, पण 'लावणार कुठं' हा प्रश्न माझ्या कामाचाच प्रश्न आहे हे मला आजींच्या त्या अर्धवट वाक्यानंतरच्या रात्री, हॉटेलच्या खोलीत झोप येत नसताना उमगले.

दीडशे सेंटिमीटर ही उभ्या माणसाची उंची आहे. तो पायांत चपला घालून आलेला आहे, त्याला पुढच्या चित्राकडे जायचे आहे, आणि भिंतीवरच्या माणसाशी त्याचे काहीही नाते नाही. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याची नजर १२० च्याही खाली असते, लहान मुलांची त्याहून खाली, हे आम्ही अलीकडे लक्षात घेऊ लागलो आहोत आणि ते फार आवश्यक होते. पण आमच्या घरांतली माणसे जमिनीवर बसत होती. जेवायला, निवडायला, टिपायला, गप्पा मारायला, सुतकात आणि बारशाला सगळी जमिनीवर. बसलेल्या माणसाची नजर सत्तरपंचाहत्तर सेंटिमीटरवर असते. तिथून वर पाहिले की दारावरचे, पुढे वाकलेले चित्र बरोबर समोर येते, म्हणजे काकांची ती खूण केवळ रीत नव्हती, तिच्यामागे मापही होते. ते माप कुणी लिहून ठेवले नाही, म्हणून मी ते माप धरले नाही.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत शाळेची सहल गेली होती, ते या सगळ्या विचारांत आठवले. १२०४ साली, रट्ट राजांच्या काळात, बिचिराजाने बांधलेले ते जैन मंदिर. आत काळोख आणि खांबांचा तेलकट तुळतुळीतपणा, आणि मंडपाच्या छतातून खाली उतरलेले ते दगडी कमळ. बाई म्हणाल्या, वर बघा. आम्ही सगळ्या मुली माना मोडेपर्यंत वर पाहत राहिलो आणि शेवटी दोघीतिघी सरळ फरशीवर आडव्या झाल्या. गार दगड पाठीला लागला आणि मग ते कमळ खरे दिसले. त्यानंतर कित्येक वर्षांनी मला एका प्रदर्शनासाठी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, मांडायचा होता. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: सर्वांत खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेत आहेत, आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगापाशी बसलेला. गावात मारुतीच्या देवळापुढे हे दगड तिरके रोवलेले असतात, खालची चौकट बहुधा अर्धी मातीत गेलेली, वरती शेंदूर आणि तेल. मी त्या दगडाला ३० सेंटिमीटरचा चौथरा दिला, कारण नाहीतर लढाई पाहायला गुडघे टेकावे लागले असते. आता वाटते, टेकू द्यायला हवे होते. मरणाची चौकट जमिनीलगत असण्यात त्या दगड घडवणाऱ्याचे काही म्हणणे असेल, ही शक्यता मी विचारातच घेतली नव्हती.

उजेडाच्या बाबतीत मात्र मी इतकी निष्काळजी नाही, कारण उजेड मी औंधला शिकले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर उभारलेले ते संग्रहालय आम्ही विद्यार्थी असताना पाहिले. दिवा एकही लागलेला नव्हता. उजेड छतातून येत होता, गाळून आल्यासारखा, आणि ढग सरकला की भिंतीवरची चित्रे एक श्वास घेतल्यासारखी मंदावून पुन्हा उजळत होती. स्वतः चित्र काढणाऱ्या माणसाने बांधून घेतलेली इमारत आहे हे तिथे पाटी न वाचता कळते. बेळगावच्या प्रदर्शनात मला असे काही करता येण्यासारखे नव्हते. तैलचित्रांवर १५० ते २०० लक्स (हे उजेड मोजायचे माप), रंगवलेल्या फोटोंवर आणि जलरंगांवर फक्त ५०, कारण कागदावरचा रंग उडाला की तो परत आणता येत नाही. उजेडाने केलेले नुकसान साठत जाते आणि विश्रांतीने भरून येत नाही. बाहेर भर दुपारी उन्हात एक लाख लक्स असतात, त्यामुळे आत आलेल्या माणसाचे डोळे निवायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाशी मी एक अंधारा, वळणाचा बोळ केला होता. आजींच्या घरात मामंजींच्या वाट्याला येणारा उजेड दोनच ठिकाणांहून येत होता: पुढच्या दारातून आणि छतातल्या एका काचेच्या कौलातून. चित्र वाकलेले असल्यामुळे दाराचे प्रतिबिंब काचेत न पडता खालची जमीन काचेत पडायची, आणि जमीन सारवलेली, काळपट, म्हणून चेहरा स्वच्छ दिसायचा. आमच्या दालनात मात्र समोरच्या खिडकीचा एक फिकट चौकोन त्यांच्या छातीवर दिवसभर बसून असे आणि मी तो घालवण्यासाठी दोन दिवस दिव्यांशी झगडत होते.

चित्र कोणी काढले ते कळले नव्हते. उजव्या कोपऱ्यातली सही वाचता येत नाही. या भागात चांगल्या व्यक्तिचित्रांचे वेड जुने आहे. कोल्हापूरला बाबूराव पेंटर होते, बेळगावात के. बी. कुलकर्णींनी किती मुलांच्या हातात ब्रश दिला. रवी परांजपे त्यांच्याचकडे शिकले. या मोठ्या नावांच्या सावलीत गावोगाव फिरून फेटेवाले पाटील, मास्तर, सावकार रंगवून देणारे कितीतरी हात होऊन गेले, आणि आमचे प्रदर्शन त्या हातांसाठी होते. पाटीवर 'चित्रकार अज्ञात' हे दोन शब्द लिहिताना मला दर वेळी वाईट वाटले. पाट्या कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होत्या. कुठली वर, कुठली खाली, यावर काय काय बोलले जाऊ शकते हे या जिल्ह्यात जन्मलेल्याला सांगायला नको. आम्ही तिन्ही शेजारी शेजारी, एकाच मापाच्या तीन स्तंभांत ठेवल्या. पण एकाच मापाच्या म्हणजे काय, हे ठरवताना आठवडा गेला. कन्नडमध्ये जोडाक्षरातला दुसरा वर्ण खाली लोंबतो, त्याला ओळींमध्ये अधिक जागा लागते. मराठीची शिरोरेषा ओळीला वरून घट्ट बांधते, त्यामुळे तेवढ्याच आकाराची मराठी अक्षरे मोठी आणि जड वाटतात. आकडा सारखा ठेवला तर डोळ्यांना अन्याय दिसतो आणि डोळ्यांना सारखे दिसावे म्हणून आकडा बदलला तर कुणी पट्टी लावून मोजेल अशी भीती. मी डोळ्यांचे ऐकले. आजींच्या नातवाने पाटी वाचली ती कन्नडमधली, कारण त्याची शाळा कन्नड माध्यमाची, आणि वाक्य संपले की मराठीत सांगितली, कारण घर मराठी. पाटीवर मामंजींचे पूर्ण नाव होते. ते त्याने मोठ्याने वाचले तेव्हा आजी दचकल्या आणि त्यांनी त्याचा दंड धरला. साठ वर्षांत ते नाव त्यांनी तोंडाने उच्चारलेले नव्हते. हे चित्र काढले तेव्हा त्यांचे गाव मुंबई इलाख्यात होते, १ नोव्हेंबर १९५६ पासून ते म्हैसूर राज्यात आले आणि १९७३ पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. या सगळ्या काळात चित्र त्याच दोन खिळ्यांवर होते. तिथून ते आम्ही हलवले.

त्या रात्री झोप आली नाही, असे मी वर म्हटले. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन बंद झाल्यावर मी सुतारमामांना थांबवून घेतले. काकांच्या हिशेबाने कड्या वरून एक तृतीयांशावर घेतल्या, खाली आधाराला लाकडी पट्टी ठोकली, सुरक्षेसाठी मागे दोन साखळ्या दिल्या आणि चित्राची खालची कड १८५ वर आणली. मामा शिडीवरून उतरले. मी दिवा नुसता चालू केला आणि छातीवरचा तो फिकट चौकोन नाहीसा झालेला होता. चेहरा खाली पाहत होता. आतापर्यंत मला त्या नजरेत जो थोडा ओशाळेपणा वाटत होता, तो चित्रकाराने काढलेलाच नव्हता; तो मी टांगण्यात घातला होता. समोरून सरळ पाहिले की खाली गेलेले डोळे ओशाळे दिसतात आणि खालून पाहिले की तेच डोळे आपल्याकडे पाहतात. मी फरशीवर बसले. मामाही बसले. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही, मग ते म्हणाले, "आता बाबांस्नी विचारून आत जावं लागंल." क्युरेटरला सकाळी हे आवडले नाही आणि तिच्या म्हणण्यात तथ्य होते. तेवीस चित्रांची सरळ रेषा एका जागी मोडली होती, आणि एकालाच वर का, याचे उत्तर पाटीवर लिहिता येण्यासारखे नव्हते. वेळ असता तर मी त्यांतल्या प्रत्येक चित्राच्या घरी पुन्हा जाऊन विचारले असते की तुमच्याकडे ते कुठे होते. वेळ नव्हता. ते एक चित्र तसेच राहिले.

पण मला स्वस्थता आली नाही. आजींनी त्या दिवशी नजर का खाली घातली होती, हा विचार मनातून जाईना. सुनेने सासऱ्यासमोर उभे राहायचे नाही, वर पाहायचे नाही, नाव घ्यायचे नाही, या सगळ्याचे माप त्या १८५ सेंटिमीटरमध्ये होतेच की. माझ्या आईनेही आजोबांच्या फोटोखाली असाच पदर सावरलेला मी पाहिला आहे, आणि मी मोठी झाल्यावर त्याचा मला राग येत असे. ज्या रीतीने बायकांच्या माना खाली ठेवल्या, ती मी जाणूनबुजून, तंत्र वापरून, साखळ्या लावून भिंतीवर परत उभी केली नाही ना? आदर आणि धाक हे दोन्ही एकाच खिळ्यावर टांगलेले असतात तेव्हा एकाला ठेवून दुसऱ्याला काढता येत नाही, आणि माझ्या पाणसळीत त्यासाठी कुठलीही खूण नाही.

पुढच्या आठवड्यात आजी पुन्हा आल्या. या वेळी गावातल्या चार बायका बरोबर होत्या आणि टेंपो करून आल्या होत्या. मामंजींना दाराएवढ्या उंचीवर पाहताच आजींच्या चेहऱ्यावर जे आले ते मी विसरणार नाही. त्यांनी वाकून नमस्कार केला, बायकांनीही केला, आणि सगळ्या तिथेच खाली बसल्या. दालनात कुणी बसत नाही. आमचा पहारेकरी पुढे आला, त्याला मी हाताने थांबवले. बायका एकमेकींना सांगत होत्या की कोट लग्नातला, फेटा बांधायला बेळगावहून माणूस आला होता, चित्र काढणारा आठ दिवस राहिला आणि त्याला रोज कोंबडी लागायची. उठताना आजींनी माझा हात धरला आणि मला थोडे बाजूला घेतले. "बाळ, एक सांगू काय? त्या दिवशी मी जवळनं बघितलं. पोराला पाटी वाचाय लावलं आणि हळूच बघून घेतलं." त्या थांबल्या. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "डोळे घारे होते त्यांचे. आमच्या थोरल्यासारखे. मला ठावंच न्हवतं." दसऱ्याला चित्र उतरवून पुसायचे काम मुलगे करत; त्या ओले फडके खालून देत आणि घाण झालेले घेत. त्यांचा थोरला मुलगा चाळीस वर्षांचा होऊन गेला. तो घारे डोळे कुठून घेऊन आला, असे सासरमाहेरच्या बायका विचारायच्या तेव्हा त्यांना उत्तर देता आले नव्हते. "आता पुन्हा दिसाले न्हाईत," वर पाहत त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. मी चित्र खाली आणू का, असे विचारले. त्यांनी घाईघाईने नको म्हटले आणि बायकांच्या मागून निघाल्या.

मी त्या दिवशी शिडी मागवून वर चढले आणि टॉर्च लावून पाहिले. घारे होते. बुबुळांभोवती चित्रकाराने पिवळसर मातीचा रंग अगदी पातळ फिरवलेला होता आणि डाव्या डोळ्यात कोपऱ्याला केसाइतकी एक हिरवी रेघ होती. चित्र कुठे लागणार हे त्याला माहीत होते. आठ दिवस त्याच घरात राहून, त्याच दाराखालून जेवायला जाऊन, जे खालून कुणालाही दिसणार नाही ते त्याने काढले होते.

संक्रांतीच्या आधी चित्र परत पोहोचवायला मी स्वतः गेले. या वेळी आकाश निळे होते, काजूच्या झाडांवर धूळ होती आणि अंगणात वाल वाळत घातले होते. पेटी उघडण्याआधी हवेशी जुळवून घ्यायला ती एक दिवस तशीच ठेवायची असते, ते मी नातवाला समजावून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. भिंतीवर दाराच्या वर एक फिकट चौकोन होता. बाकीची भिंत धुराने काळवंडलेली आणि तेवढाच चुना नवा असल्यासारखा. दोन खिळे आणि त्यांच्या चिंध्या तशाच होत्या. कड्या मी बेळगावला लावल्या होत्या तशाच एक तृतीयांशावर ठेवल्या होत्या, त्या थोरल्याला दाखवल्या. त्याने शिडी आणली. आजी चुलीपाशी होत्या, त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ दे. शिडी कुठं पळालीया? उद्या लावा." त्याने चित्र भिंतीलगतच्या लोखंडी पेटीवर टेकवून उभे केले. मी चहा घेतला, कागदांवर अंगठा घेतला, आणि निघताना मागे पाहिले तर आजी पेटीसमोर घोंगडीवर सूप घेऊन बसल्या होत्या आणि तांदूळ निवडत होत्या. डोक्यावर पदर होता.

पंधरा दिवसांनी नातवाचा फोन आला. आम्ही काढलेले चित्राचे फोटो त्याला हवे होते. बोलणे संपत आले तेव्हा मी विचारले, चित्र वर लावले का.

"न्हाई अजून," तो म्हणाला. "आजी रोज उद्या म्हणालीया."